बसला शंकाच आली नाही

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल आणि तिला तिचं काही सोयरसुतक नाही. चपला राहू द्या दाराशी, मन तेवढं आत घेऊन या. आज बिनड्रायव्हरच्या बसची गोष्ट सांगतो. भुताची नाही, घाबरू नका. गोष्टीत एक मरण आहे, एका पोरीवर आळ आहे, आणि तो आळ खरा की खोटा हे शोधायला आलेली एक बाई आहे. देवाने बुद्धी सगळ्यांनाच दिली आहे, तेव्हा तिच्याबरोबर तुम्हीही शोधत चला. मी काही झाकून ठेवणार नाही.

१. धक्का

टेकडीवरच्या वसाहतीतून खालच्या कचेऱ्यांकडे जाणारी ती पांढरी छोटी बस. आत समोरासमोर बाकं, चाक नाही, गियर नाही, ड्रायव्हरची जागाच नाही. छपरावर फिरणारा एक डोळा आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत आणखी दोन. लोकांना सुरुवातीला धाक वाटला होता. मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर लोक तिला शिव्याही घालू लागले, म्हणजे ती घरचीच झाली.

त्या दिवशी सकाळी उताराच्या दुसऱ्या वळणावर, तीन मजली इमारतीसमोर, रस्त्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ उभे होते. करडी टोपी, तपकिरी स्वेटर. बस आली. वेग कमी झाला नाही. तिच्या कोपऱ्याचा धक्का त्यांच्या खांद्याला लागला, ते मागे पडले आणि डोकं फुटपाथच्या काठावर आपटलं. धक्का लागल्यावर बस थांबली. आधी नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

ही बस एरवी मांजर आडवी गेली तरी थांबते. उडत आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसाठीसुद्धा थांबते. मग हाडामांसाच्या माणसासाठी का थांबली नाही?

बस चालवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत उत्तर तयार होतं. बसची चूक झाली तरी तिच्यावर नजर ठेवणारं माणूस असतं. कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर त्या वेळी धाकटी म्हणतात ती पोरगी बसली होती. धाकटी झोपली असणार. तिने वेळेवर ब्रेक दाबला नाही, म्हणून माणूस गेला.

दुपारपर्यंत तिचा परवाना काढून घेतला गेला होता. आठवड्याअखेर खटला दाखल करायचा की नाही, ते वाहतूक सुरक्षा खात्याच्या अहवालावर ठरणार होतं.

२. सावकाश बाई

खात्याने पाठवलेली तपासनीस बाई साठीच्या जवळपासची, जाड चष्म्याची. कुणी घाईने बोलायला लागलं की ती हाताने हवा खाली दाबायची आणि म्हणायची, "सावकाश." पहिल्या दिवशीच सगळे तिला मागे सावकाश बाई म्हणू लागले. तिला ते कळलं होतं. आवडलंही असावं.

ती आधी डेपोत गेली. मिस्त्री बसच्या पोटाखाली आडवा झालेला होता, नुसते पाय बाहेर.

"मिस्त्री, ब्रेक कसे आहेत?"

"माझ्या बायकोच्या बोलण्यासारखे," पाय म्हणाले. "लागले की जागच्या जागी थांबवतात."

"आणि डोळे?"

मिस्त्री घसरत बाहेर आला. चेहऱ्यावर वंगण आणि थोडा राग. "बाई, सगळे माझ्याकडेच बघतायत. मी डोळे पुसले नाहीत, असं म्हणायचंय ना? या, दाखवतो."

त्याने बस अंगणात सोडली आणि तिच्या वाटेत स्वतःचं फडकं भिरकावलं. बस गचकन थांबली. मग तो स्वतः कडेला जाऊन उभा राहिला. पुन्हा थांबली. छपरावरचा दिवा पिवळा झाला.

"ही तिला शंका आली," तो म्हणाला. "शंका आली की ती थांबते, फोटो काढते आणि वरच्या खोलीत पाठवते, आता काय करू म्हणून. खोलीतून कुणी 'जा' म्हटलं की जाते. आमच्या घरात मी असाच आहे."

"आणि शंकेच्या वेळचं चित्रण ती साठवून ठेवते?"

"तेवढंच ठेवते. बाकीचं पुसून टाकते. एवढं सगळं कोण बघत बसणार?"

"त्या सकाळचं चित्रण कुठं आहे?"

मिस्त्री फडकं झटकत राहिला. "नाही ना. तेच तर. धक्क्यानंतरचं आहे. आधीचं काहीच नाही. तिला शंकाच आली नाही, बाई."

सावकाश बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. धाकटी झोपली असेल किंवा नसेल, पण बस काही झोपत नाही. डोळे स्वच्छ होते, ब्रेक चांगले होते, आणि समोर उभा असलेला माणूस तिला दिसूनही शंका आली नव्हती.

३. दोन माणसं, दोन गोष्टी

कंट्रोल रूमचे साहेब भले गृहस्थ होते. खोलीतल्या पोरींची नावं, त्यांच्या मुलांचे आजार, कुणाची सासू कशी, सगळं त्यांना ठाऊक. बोलताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"मॅडम, मला ती मुलीसारखी आहे. मागे एकदा डुलकी लागली होती तिला. मुलाला ताप होता, रात्रभर जागी होती. मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. आता तो माणूस गेला त्याचं पाप माझ्याही माथी आहेच."

"नकाशात काही चूक असेल?"

"नकाशात?" साहेब दुखावले. "मॅडम, नकाशा मी लेकरासारखा सांभाळलाय. रस्त्यावरचा प्रत्येक खांब, पत्रपेटी, कचऱ्याचा डबा, शिंप्याच्या दुकानाबाहेरची बाहुली, सगळं त्यात नोंदवलंय. एकदा 'कायमची वस्तू' असं बटण दाबलं की बस तिथं पुन्हा अडखळत नाही. नाहीतर या पोरींना दिवसभर खांबांसाठी 'जा, जा' करत बसावं लागेल."

"ते बटण कोण दाबू शकतं?"

"कुठल्याही खुर्चीवरून दाबता येतं. पण जपून दाबतात सगळे."

धाकटी बाहेर बाकावर बसली होती. खोलीत सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. घरी तिचा मुलगा शाळेत जायला लागला होता. ती उठून उभी राहिली.

"बस गं. झोपली होतीस?"

"नाही."

"सावकाश सांग."

"सावकाश सांगितलं तरी नाहीच." तिचा आवाज चिरकला. "मी अख्ख्या ओळीतल्या बस बघते. ज्या बसला शंका येते तिचं चित्र मोठं होतं, बाकीच्या एवढ्याशा चौकोनात. ती बस गप्प होती. गप्प म्हणजे ठीक. आम्हाला तसंच शिकवलंय. घरी सासूबाईंनी विचारलं, खरं सांग, डोळा लागला होता का? घरातच विश्वास नाही, तर तुम्ही कशाला ठेवाल?"

"त्या काकांना ओळखायचीस?"

"टोपीवाले काका? रोज सकाळी वळणावर हात वर करून उभे राहायचे. बसला शंका यायची, ती थांबायची. काका वर बघायचे, मग हात खाली घ्यायचे, मी 'जा' म्हणायची. चढायचे मात्र कधी नाहीत. आतले लोक चिडायचे. मला गंमत वाटायची. हल्ली बरेच दिवस दिसले नव्हते. आजारी असतील म्हटलं. विचारायचं होतं कुणाला तरी. राहिलंच."

"हल्ली दिसले नव्हते?"

"नाही. त्या दिवशी एकदम..."

"तुझ्या ओळीवर मधे कधी दुसरं कुणी नजर ठेवतं?"

"नाही," धाकटी म्हणाली. फार पटकन म्हणाली, आणि तिची नजर साहेबांच्या दारावर जाऊन परत आली.

पोरगी खोटं बोलली होती. कशासाठी, ते बाईंना कळलं नाही.

४. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

दुसऱ्या दिवशी सावकाश बाई त्याच बसमध्ये बसून टेकडीपासून खालपर्यंत गेल्या, परत वर आल्या, पुन्हा खाली गेल्या. शेजारच्या माणसाने शेवटी विचारलं, "काही हरवलंय का?"

"शोधतेय," त्या म्हणाल्या. "सापडत नाहीये."

मग त्या वळणावर उतरल्या. डांबरावर कुणीतरी पाणी ओतून धुतलेला डाग होता. इमारतीच्या दारात एक बाई पायपुसणं झटकत होती. काकांची शेजारीण.

"पेपरवाल्या का?"

"नाही हो. काका इथं का उभे राहायचे, तेवढं विचारायचंय."

शेजारणीने पायपुसणं खाली ठेवलं. "काकूंसाठी. काकूंना काही आठवत नाही आता. मुलगी लहान आहे, शाळेत जायचीय, असंच वाटतं त्यांना. मुलगी परदेशात, तिची मुलं कॉलेजात. पण खिडकीतून बस थांबलेली दिसली की काकू म्हणतात, गेली बाई एकदाची. आणि मग जेवतात. नाही थांबली तर घास तोंडात घेत नाहीत. म्हणून काका रोज खाली येऊन बस थांबवायचे. हात वर करायचे, वर बघायचे, काकूंनी मान हलवली की हात खाली."

"आजारी होते का मधे?"

"काका? ठणठणीत! एक दिवस चुकवला नाही. उलट हल्ली तर पुढे पुढे सरकून उभे राहायचे. मी ओरडले एकदा, अहो काका, रस्त्यात जाताय. तर म्हणाले, तिला मी दिसत नाहीये बहुतेक."

सावकाश बाईंनी वरच्या खिडकीकडे पाहिलं. दोघी वर गेल्या.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, शेजारणीचं काम. समोर ताटली, झाकलेली.

"आजी, बस थांबते का हो इथं?"

"कुठली थांबते?" काकू रागावून म्हणाल्या. "सरळ जाते तोंड फिरवून. पोरगी कधीची तयार होऊन बसलीय. ह्यांना सांगितलं, जरा पुढे होऊन हात करा. ऐकू येतं कुठं ह्यांना!"

शेजारणीने हळूच म्हटलं, "मनावर घेऊ नका. त्यांना भान नाही."

"तुम्ही म्हणालात, बस थांबली नाही तर त्या जेवत नाहीत. काका असतानाही हल्ली जेवण कमी झालं होतं?"

शेजारीण विचार करू लागली आणि तिचा चेहरा बदलला. "हो की. काका म्हणायचे, हल्ली घासच गिळत नाही. मला वाटलं, दुखणं वाढलं."

म्हणजे ज्या बाईला काल आणि आज यातला फरक कळत नव्हता, तिचीच साक्ष पक्की होती. बस बरेच दिवस थांबत नव्हती. काका रोज तिथंच होते, धाकटीला दिसत नव्हते, कारण बसने शंका पाठवणंच बंद केलं होतं.

निघताना सावकाश बाईंनी दारात विचारलं, "इथं आसपास शिंप्याचं दुकान आहे?"

"शिंपी? अख्ख्या टेकडीवर एक नाही. चेन बदलायलासुद्धा खाली पेठेत जावं लागतं. आणि तिथं ही बस जात नाही."

५. बोट

कंट्रोल रूममध्ये त्यांनी तिघांनाच बोलावलं. साहेब, मिस्त्री आणि धाकटी. भिंतीवर नकाशा लावला होता, रस्ता पांढऱ्या दोरीसारखा वळत गेलेला.

"साहेब, तुमच्या नकाशाची मला फार मदत झाली," बाई म्हणाल्या. "एकच राहिलं. ती शिंप्याची बाहुली. मी तीन फेऱ्या मारल्या, मला दिसली नाही. कुठं आहे, दाखवता?"

"अहो, दिसली नाही कशी?" साहेब उत्साहाने उठले. "चांगली माणसाएवढी आहे. दिवसाआड तिच्यावरून शंका यायची. शेवटी मीच कायमची करून टाकली." त्यांनी बोट टेकवलं. "ही इथं."

बोट दुसऱ्या वळणावर होतं. तीन मजली इमारतीसमोर.

धाकटी नकाशाकडे बघत होती. मग तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"तिथं दुकान नाही, साहेब," सावकाश बाई म्हणाल्या. "तिथं एक माणूस उभा राहायचा."

"नाही नाही. बाहुली आहे. मी स्वतः पाहिलीय. करडी टोपी, तपकिरी..." साहेबांचा आवाज तिथं आला आणि पुढे सरकला नाही.

"बसा. सावकाश." बाईंनी खुर्ची ओढून दिली. "तुम्ही ती तुमच्या खुर्चीवरून पाहिलीत. धाकटीच्या पडद्यावर हलतं चित्र येतं. तुमच्या खुर्चीवर नुसते फोटो येतात. बस थांबली त्या क्षणाचा फोटो. आणि बस थांबायची तेव्हा काका नेहमी तसेच असायचे. तीच जागा, तीच टोपी, हात वर. हात खाली यायच्या आत फोटो निघालेला असायचा. दर वेळी एकच चित्र पाहिलं तर कुणालाही ती वस्तू वाटेल. धाकटीने त्यांना हात खाली घेताना पाहिलं होतं. तिने हे बटण दाबलं नसतं."

"पण साहेब धाकटीच्या बस का बघत होते?" मिस्त्रीने विचारलं.

"ते तिने सांगावं. काल ती माझ्याशी खोटं बोलली."

धाकटीने हात खाली घेतले. "सकाळी घरून काही न खाता निघते मी. साहेब म्हणायचे, जा, चहा पिऊन ये, तुझी ओळ मी बघतो. खुर्ची सोडायला नियमाने बंदी आहे. मी सांगितलं असतं तर साहेबांची नोकरी गेली असती. आणि त्या सकाळी तर मी जागेवरच होते, मग चहाचं कशाला सांगायचं?"

साहेब तिच्याकडे बघत राहिले. "मी तुझ्यावर झोपेचा आळ घेतला," ते म्हणाले, "आणि तू मला वाचवत होतीस?"

"मला कुठं माहीत होतं साहेब, काय झालंय ते? मला वाटलं, तुमच्या चहाचं नाव तरी यात नको."

"बटण दाबताना मनात काय होतं?" सावकाश बाईंनी विचारलं.

साहेबांनी नकाशावरचं ते वळण पाहिलं. "की पोरींचा त्रास वाचेल. रोज रोज त्याच बाहुलीसाठी..." त्यांनी कपाळाला हात लावला. "चांगलं केलं असं वाटलं होतं मला. घरी जाताना बरं वाटलं होतं."

श्रोतेहो, इथं कुणी दुष्ट सापडला असता तर आपल्याला किती सोपं गेलं असतं! त्याला मनसोक्त बोल लावून आपण घरी गेलो असतो. पण तिथं एक दयाळू माणूस बसला होता आणि त्याच्या दयेने एक जीव गेला होता. माणसाला सवडीने बघणं हीसुद्धा दयाच आहे, ती तेवढी राहून गेली होती.

६. सही

धाकटीवरचा आळ त्याच दुपारी उतरला. कंपनीचा वकील गुळगुळीत केसांचा, हसतमुख. त्याने तिच्यापुढे एक कागद सरकवला.

"इथं सही केलीत की परवाना परत. उद्यापासून कामावर. झालंगेलं विसरून जा."

तिने वाचलं. मग पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" वकील म्हणाला. "तुमचं नावसुद्धा नाही त्यात."

"यात लिहिलंय, 'वळणावरील अडथळ्याची ओळख पटवण्यात त्रुटी.'"

"बरोबर. तसंच घडलं ना?"

"अडथळा कोण?"

"हे बघा, ही भाषा असते. सगळीकडे असाच शब्द वापरतात. एका शब्दासाठी हातची नोकरी घालवू नका. मुलगा आहे म्हणे तुम्हाला."

"आहे. म्हणूनच विचारतेय." धाकटीने कागद त्याच्याकडे परत ढकलला. "काका होते ते. आम्ही एकदा त्यांना बाहुली केलं. आता मेल्यावर अडथळा करताय. मी नाही सही करणार."

"मग परवाना राहू दे इथंच," वकील म्हणाला आणि कागद उचलायला वाकला.

त्याच्या आधी साहेबांनी तो उचलला. ते तोपर्यंत कोपऱ्यात बसून होते. तासाभरापूर्वीच त्यांना कामावरून काढलं होतं. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, 'अडथळ्याची' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'माणसाची.' खाली आणखी एक ओळ लिहिली: 'ही चूक मी केली.' आणि सही केली.

"हे तुम्हाला कोर्टात भोवेल," वकील म्हणाला.

"भोवू दे," साहेब म्हणाले. "ती मुलगी काय म्हणाली, ऐकलंत ना?"

सावकाश बाईंनी कागद हातात घेतला, वाचला आणि खात्याचा शिक्का मारला. आता तो कागद कंपनीचा राहिला नव्हता. धाकटीने सही केली. परवाना तिच्या हातात आला तेव्हा ती हसली नाही. तिने तो पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "काकूंना कुणी सांगितलंय का?"

"सांगितलं," सावकाश बाई म्हणाल्या. "शेजारीण रोज सांगते. रोज नव्याने रडतात आणि संध्याकाळी पुन्हा विचारतात, हे कुठं गेले."

एवढीच गोष्ट. तुमच्याकडे काही मागायचं झालं तर एकच मागतो. ते टोपीवाले काका कुठल्या मोठ्या कामासाठी उभे नव्हते, बायकोच्या पोटात दोन घास जावेत म्हणून उभे होते. रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा तुमच्या माणसांबरोबर त्यांनाही आठवा. त्यांचं नाव मला ठाऊक नाही; देवाला आहे.